अफ्वन

सूर नावाच्या गावात माझं टायपिंगचं दुकान आहे.
गाण्याचा संबंध नाही, नाव अरबी आहे.
समोर खाडी, ओहोटीला कलंडलेली गलबतं,
शेजारी हलव्याच्या कढईचा केशरी वास.

व्हिसाचा अर्ज एक रियाल. भाडेकरार दीड.
दयेचा अर्ज दोन,
कारण त्याला बिरुदं पाठ असावी लागतात:
साडेतीन ओळी नुसतं मोठेपण,
मग अर्ध्या ओळीत माणूस.

माफीला इथे तीन अक्षरं लागतात.
ऐन, फे, वाव.
कुणी शुक्रन म्हटलं की उत्तरही त्यातलंच, अफ्वन.
चहा दिला, अफ्वन. धक्का लागला, अफ्वन.
दिवसातून शंभरदा सगळे सगळ्यांना माफ करतात
आणि ईद आली की
एकटा एक जण.

मोतालेब नोआखालीचा. दुकान त्याच्या नावावर,
गल्ला मालकाच्या खिशात.
मालक एका रात्री विमानात बसला
आणि न वटलेले अकरा चेक मागे राहिले.
सही तुझी? हो.
मग संपलंच.
कायद्याला सही वाचता येते,
हात कुणी धरला होता ते नाही.
तो सुटला दिवाणातल्या एका शिक्क्याने.
जाताना माझ्या टेबलाला हात लावून नमस्कार करून गेला,
जणू टेबलानेच सोडवलं.

त्या दिवशी मी स्वतःशी म्हटलं, असावा हा अधिकार.
आमच्या हर्णैत जाळं विणताना
मध्ये जागा सोडतात, बारकी मासळी निसटावी म्हणून.
त्या जागेला आस म्हणतात.
आस नसलेलं जाळं म्हणजे नुसतं फडकं.

पण जाळं ओढणाऱ्याला
मासळी ओळखू येते का, एकेक?

दत्ताराम पावसकर, गुहागरचा, खोलीत माझ्या खालचा पलंग.
रात्री झोपेत भजनाचा ठेका धरायचा, पलंगाच्या पत्र्यावर.
क्रेनची वायर झिजली होती.
फोरमन रिफअतला ते माहीत होतं.
तरी म्हणाला, उचला.

दोन वर्षं शिक्षा झाली. सहा महिन्यांनी त्याचा भाऊ आला,
तीन मुलींचे फोटो घेऊन, नेमका माझ्याच दुकानात.
मी टाइप केलं. बोटं अडखळली नाहीत.
भावाने सांगताना एक तारीख चुकवली, तीही दुरुस्त केली.
साडेतीन ओळी मोठेपण, अर्ध्या ओळीत रिफअत,
आणि दत्तारामला
रकानाच नव्हता.

ईदेच्या यादीत नाव आलं.
भाऊ हलव्याचा डबा घेऊन दारात.
शुक्रन, शुक्रन म्हणत
त्याने माझे दोन्ही हात धरले
आणि माझी जीभ, सवयीची गुलाम,
म्हणाली: अफ्वन.

डबा तसाच आहे. वर गुलाबपाण्याचं कडं धरलंय.

गुहागरला फोन लावला.
म्हातारी बराच वेळ बोलली नाही.
मागे कुणीतरी भांडी घासत होतं.
मग म्हणाली, "मुनीर, त्याला पोरं हायत काय रं?"
तीन मुली, म्हटलं.
"मला इचारलं आसतं तर मी सोडलाच आसता.
पन इचारायला पायजे व्हतं."

मी काही न्यायाधीश नाही.
राजाला हा हक्क असावा की नसावा,
माझ्याकडे दोन्ही बाजूंचे कागद येतात
आणि दोन्हींचे पैसे मी घेतो.
हवा म्हणालो तर दत्ताराम पलंगाचा पत्रा वाजवतो.
नको म्हणालो तर मोतालेब अजून आत आहे.

एवढंच करतो हल्ली:
अर्ज संपला की खाली, बारीक टायपात,
एक जादा ओळ घालतो.
ज्याचं गेलं त्याचं नाव. घरी कोण आहे. फोन नंबर.
त्याचे पैसे लावत नाही.

परवा एकाने विचारलं, हे काय?
म्हटलं, पत्ता.
कुणाचा?
जिथे आधी जायला हवं होतं, तिथला.
तो अर्ज घेऊन गेला. ती ओळ
त्याने बाहेर उभं राहून, मी बघत असताना,
नखाने खरवडून पाहिली.