पहिले तीस सेकंद

छातीवरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं
की आधीचे तीस सेकंदही जमा होतात,
फक्त चित्र. आवाज नाही.
यंत्राचा तो स्वभावच आहे, कंपनीच्या पत्रकात लिहिलंय.

काउंटी इमारतीच्या तळघरात
अर्नेस्टीन पेटवे हेडफोन लावून बसते.
पायाखाली पेडल. दाबलं की माणूस बोलतो,
सोडलं की थांबतो.
सतरा वर्षं हेच.
ऐकू येईल ते टाइप करायचं,
न कळेल तिथे लिहायचं ‘अस्पष्ट’.
रडणं टाइप करायचं नाही.

आज ओडेल व्हिटलो, वय एकेचाळीस.
लिंडेल रस्त्यावरच्या लॉन्ड्रीचं मागचं दार,
रात्री अकरा वाजून सहा मिनिटं.
हातात काळं काहीतरी, लांबट, लोंबणारं.
टॉर्चचा झोत त्याच्या छातीवर
थाळीएवढा.
त्याचे ओठ हलताहेत.
हेडफोनमध्ये काही नाही,
तिच्या स्वतःच्या रक्ताची घरघर तेवढी.

एकतिसाव्या सेकंदाला आवाज येतो
तो ओरडतच येतो.
टाक! टाक ते!
मग चार.
ती पेडलने मागे जाते, पुन्हा मोजते.
चारच.

अर्नेस्टीनची आई ऐकू न येणारी.
ती घशाशिवाय बोलायची, नुसत्या ओठांनी,
आणि लेक अक्षरं शिकायच्या आधी ओठ शिकली.
बसच्या काचेआडून, दुकानाच्या काचेआडून
दोघी परक्या माणसांची बोलणी चोरायच्या
आणि घरी येऊन हसायच्या.

म्हणून बाराव्या सेकंदाला तिला दिसतं
ओडेल काय म्हणतोय ते.
पट्टा आहे, साहेब. मशीनचा. तुटलाय.
आणि चोविसाव्याला, किंचित हसत,
तुम्हीच ना ते, निळ्या रजईवाले?

प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात,
हे तिलाही ठाऊक आहे.
वकिलाच्या आधी तीच स्वतःला उलट तपासते.
मग टाइप करते,
शून्य ते तीस, आवाज नाही.

वरच्या मजल्यावरच्या अहवालात
गोळ्या झाडल्या गेल्या.
कोणी, हे त्या वाक्याला विचारायचं नसतं.
कर्मणी प्रयोगात कर्ता
पगारी रजेवर जातो.
नावावर काळी पट्टी, शाई इतकी ओली
की मागच्या पानावरही उमटलेली.
ज्युरीची माणसं मंगळवारी जेवणाआधीच उठली.
भीती वाजवी ठरली,
बाजारात भाव वाजवी असतो तशी.

शुक्रवारी त्याची बहीण खिडकीशी येते.
व्हर्नेटा. बेकरीचा एप्रन अंगावर तसाच, कोपरावर पीठ.
प्रतीचे पानामागे दहा सेंट, एकोणीस पानं.
ती नाणी मोजून सरकवते,
उभ्याउभ्याच पहिलं पान काढते,
आणि पहिल्याच ओळीवर तिचं बोट अडतं.
आवाज नाही?
अहो, तो बिघडलेल्या मशीनशीसुद्धा बोलायचा.

वर कोपऱ्यात एक कॅमेरा आहे,
तो मात्र आवाजासकट.
पेन्शनला दोन वर्षं राहिलीत.
मध्ये जाड काच, काचेत भोकांची जाळी.
अर्नेस्टीन जाळीपासून तोंड बाजूला घेते
आणि ओठ हलवते, सावकाश,
आई तिच्यासाठी हलवायची तसे.
पट्टा.
मशीनचा.

व्हर्नेटा काचेला कपाळ टेकवते.
काय?
काय म्हणालात?
मोठ्यानं बोला.