कोणीतरी

शनिवारी चहाच्या आधी पाऊण तास
स्टोअरच्या सिमेंटवर आम्ही पाच जण गुडघ्यांवर,
मधे अर्ध्या अंगाचा रबरी पुतळा.
मढवी त्याला पाव्हणा म्हणतो.
पाव्हण्याचं नाक तुटलं तेव्हा रेहानानं
बॉक्समधलीच चिकटपट्टी लावली, रजिस्टरला नोंद करून.

मी सांगते : तीस दाब, दोन श्वास. कोपर ताठ.
भाजल्यावर टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई तर नाहीच.
फिट आलेल्याला चप्पल हुंगवायची नाही.
(मढवी स्वतःची चप्पल मागे सरकवतो.)

आणि शेवटी, सहा वर्षं तेच :
"कोणीतरी फोन करा" असं ओरडायचं नाही.
कोणीतरी नावाचा माणूस आपल्या मस्टरवर नाही.
त्याचं पंचकार्ड नाही, त्याचा डबा नाही,
बोनसच्या रांगेत तो कधी दिसला नाही.
बोट दाखवायचं, नाव घ्यायचं.
रेहाना, तू एकशे आठ लाव.
शिर्के, तू गेटवर जा, गाडी आत घे.
नाव घेतलं की माणूस हलतो.

मग तो बुधवार. रबाळे, दुपारचे दोन वीस.
पारसिकच्या डोंगराकडून गरम वारा,
तीन नंबरच्या शेडमध्ये वेल्डिंगच्या केबलला
एक माणूस चिकटलेला.
भोवती अकरा पिवळी हेल्मेटं.
आमची निळी. पिवळी ठेकेदाराची.

लांब थांबायचं असतं, थांबले.
हात वर केला, बोट पुढे केलं
आणि बोटाच्या टोकाला नाव नव्हतं.
सहा महिने ही माणसं माझ्या खिडकीतून
हातमोजे नेत होती.
मी जोड्या मोजल्या होत्या.

ओरडले मी. काय, ते नंतर रेहानानं सांगितलं,
कप खाली ठेवून, हळू :
"कोणीतरी मेन बंद करा, म्हणालात ताई."

चार सेकंद गेले. किंवा नऊ.
एक पिवळं हेल्मेट घोळक्यातून सुटलं, भिंतीशी गेलं,
खटका पडला, अख्खी शेड अंधारली
आणि तो माणूस पिकल्यासारखा गळून पडला.

पुढचं हातांना माहीत होतं.
तीस आणि दोन. तीस आणि दोन.
पाव्हण्याची छाती टिकटिक वाजते,
खऱ्या माणसाची वाजते ती वेगळी.
मढवी, ये. आता मी. मढवी, ये.
अ‍ॅम्ब्युलन्स महापेच्या पुलाखाली अडकली होती म्हणे,
आली तेव्हा तो खोकत होता.

दुर्योधन नायक. जिल्हा गंजाम, ओडिशा.
नाव कळलं ते वाशीच्या हॉस्पिटलात, केसपेपरवर.
असं नाव कोण ठेवतं, मढवी म्हणाला.
आई, मी म्हटलं.
दीड महिन्यानं तो खिडकीत आला, हातमोजे घेतले,
म्हणाला, मॅडम, बरगडी अजून दुखतं.
तक्रारच होती. मी सॉरी म्हटलं.
इतक्या आनंदानं मी कुणाला सॉरी म्हटलेलं नाही.

मेन बंद करणारा मात्र सापडला नाही.
शेडमध्ये विचारलं, गेटवरची वही चाळली.
ठेकेदार म्हणाला, ती बॅच तळोज्याला गेली,
कोण कुठला पोरगा, वीस जण होते.
दुर्योधनला विचारलं.
तो म्हणाला, मी तर खाली पडलेलो.

आता नवी बॅच आली की
हातमोज्यांआधी नाव विचारते.
रांग खोळंबते, सुपरवायझर घड्याळ बघतो,
झिंगुर, मोइनुद्दीन, सत्यवान, दुसरा सत्यवान.
विसरते. परत विचारते.

अपघात रजिस्टर, पान एक्केचाळीस.
जखमीचं नाव आहे. प्रथमोपचार देणाऱ्यांची आहेत.
वीजपुरवठा कोणी बंद केला, त्या रकान्यावर
ऑडिटचे साहेब पेन टेकवून विचारतात,
हे काय लिहिलंय?

आला होता, साहेब.
मस्टरवर नव्हता, पण आला होता.