पट्टा

शितोळे मॅडमनी वर्गात एकदाच सांगितलं होतं:
बहिऱ्याचे हात बांधाल,
तर त्याचं तोंड बांधाल.
वहीत उतरवून घेतलं. बाहुल्यावर सराव केला.
बाहुला कुठं बोलणार होता!

जानेवारी. दौलतगंज. पहाटेचं धुकं.
लग्नाचे सूट शिवता शिवता
कोसळलेला हरचरण दर्जी.
सवयीनं पट्टा आवळला, दोन्ही हातांवरून.
तो तडफडू लागला.
शांत व्हा, म्हणालो.
मग आणखी मोठ्यानं: शांत व्हा.

कंपूच्या वळणावर वही आठवली.
उजवा हात सोडला.
तो छातीकडे गेलाच नाही.
काचेवरच्या वाफेत बोटानं लिहिलं:
प्रेस चालू है.

चहावाल्याला फोन लावला. बटण बंद झालं.
हरचरणला मी बोटांनी कळवलं, शिकवलं होतं तसं.
त्यानं माझी बोटं धरली,
जरा वळवली:
असं नाही. असं.