उभा काप

डेस्मंड हॅड्रेलने फळी ट्रकमधून एकट्यानेच उतरवली.
रॉइस दुसऱ्या गाडीतून आला आणि दारातच थांबला.
ह्युऑन पाइन. साडेतीन मीटर लांब, तीनशे मिलिमीटर रुंद,
बापाने चाळीस वर्षं होडीसाठी जपलेली.
होडी झाली नाही.
"निम्मी निम्मी," डेस्मंड मला म्हणाला,
भावाला ऐकू जाईल इतपत.

मी विचारलं, आडवी की उभी?
आडवी कापली तर दोन आखूड तुकडे, कुणाच्याच कामाचे नाहीत.
मग उभी.
या दोघांत उभा दावा आहे हे अख्ख्या जीव्हस्टनला ठाऊक,
म्हणून तो शब्द मी जरा हळू उच्चारला.

ब्लेड बदललं.
आडव्या कापाला साठ दात लागतात, बारीक,
एकेक धागा तोडत जाणारे.
उभ्याला चोवीस पुरतात.
लांबवर चिरत जायचं
तर दातांमध्ये जागा हवी, भुसा बाहेर पडायला.
मर्व्हिनने मला हे शिकवलं तेव्हा त्याला आठ बोटं होती
आणि त्याचे सगळे नियम दहा बोटांचे होते.

मध्यावर पेन्सिलची रेघ ओढली.
"दीडशे, दीडशे," रॉइस पहिल्यांदा बोलला.
नाही, म्हटलं. एकशे साडेअठ्ठेचाळीस.
तीन मिलिमीटर ब्लेडचे.
"म्हणजे कुणाचे?"
कुणाचेच नाहीत. त्याला कर्फ म्हणतात,
करवतीचा घास.
रेघ एका बाजूला राखली तर घास दुसऱ्याच्या वाट्यातून जातो.
रेघेवरूनच चालवलं तर दीड दीड.
दोघांनी माना हलवल्या. दीड दीड.
या झाडाला तेवढं जाड व्हायला
तीन वर्षं लागतात,
हे मी सांगितलं नाही.

फेन्स लावला, गुण्याने तपासला, पुश स्टिक हाताशी घेतली.
ब्लेडच्या मागे पोलादाची पातळ पाचर असते, राइविंग नाइफ.
लाकडात ताण मुरलेला असतो.
चिरलं की दोन भाग कधी फाकतात,
कधी पुन्हा एकमेकांकडे मिटू लागतात.
मिटले की ब्लेड आवळलं जातं
आणि फळी उलटी अंगावर येते.
किकबॅक. मर्व्हिनच्या बरगड्यांना विचारा.
म्हणून ती पाचर. दोघांना जवळ येऊ द्यायचं नाही,
एवढंच तिचं काम.

लांब फळीला पलीकडे एक माणूस लागतो.
मी दोघांनाही बोलावलं.
इथे उभे राहा. ओढायचं नाही. नुसतं तोलायचं.
राहिले. खांद्याला खांदा नाही,
पण खांद्याजवळ खांदा.

सव्वा मीटरवर गाठ होती, काळी, नाण्याएवढी.
मोटर कण्हली. मी हात हलका केला,
गाठीत घाई केली की लाकूड करपतं.
आणि मग तो वास सुटला.
ज्याला माहीत नाही त्याला काय सांगू?
गोडसर, थोडा तिखट,
बंद पेटी उघडल्यासारखा.
डोळे ब्लेडवरून काढायचे नसतात,
तरी कोपऱ्यातून दिसलं, रॉइसचे ओठ हलले.
मग डेस्मंडचे.
माझ्या कानांवर मफ होते.

स्विच बंद केल्यावरही ब्लेड बराच वेळ फिरत राहतं.
तेवढा वेळ कुणी काही उचललं नाही.

मोजलं. दोन्हीकडे बरोबर.
मजुरी डेस्मंडने निम्मी दिली, रॉइसने निम्मी, सुट्ट्या नाण्यांत.
एक गाडी वर गेली, दुसरी नदीकडे.

संध्याकाळी झाडायला वाकले
तर टेबलाखालच्या ढिगात मुठीचा खड्डा.
एका मुठीचा की दोन, कळत नव्हतं.
भुसा ढासळतो.
उरलेला पिशवीत भरला, मोलकरीण असते तर फेकला असता,
आणि वर खडूने लिहिलं, हॅड्रेल.
नुसतं आडनाव.