हाक क्रमांक एक्केचाळीस

खोरफक्कानच्या धक्क्यावर सात नंबरची क्रेन
रात्री सव्वादोनला एकदा मिचमिचली, विझली,
पुन्हा पेटली, आणि हलेचना.
चाळीस फुटी डबा हवेत, आत म्हणे गोठवलेली कोंबडी,
खाली ट्रेलरवाला सरवर खान,
इंजिन चालू, शिव्या पश्तोत.

दोष माझाच. दुपारी प्रोग्राम मी बदलला होता.
प्रोग्रामने हाक मारायची, सिस्टिमने ओ द्यायची,
एवढाच तर व्यवहार:
वारा किती, भार किती, ब्रेक सोडू का.
एक्केचाळीस नंबरच्या हाकेला शून्य आलं.
शून्य म्हणजे भार नाही.
अठ्ठावीस टन डोक्यावर लोंबताहेत
आणि भार नाही.

बरं, ही हाक मारायची कशी ते लिहिलंय कुठे?
कंपनी विकली गेली. जिने घेतली तीही.
फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली,
ते व्हर्जन आमच्याकडे नोंदलेलंच नाही, मॅडम.
सर्व्हरवर ‘मॅन्युअल अंतिम’ नावाचं फोल्डर,
उघडलं तर कुणाच्या तरी मुलीचं बारसं.
हेडर फाइलीत नुसती नावं आणि आकडे,
मतदारयादीसारखे.
माणूस कसा आहे ते यादीत नसतं.

स्टोअरात मोईदूक्का, वडकराचे, एकवीस वर्षं इथे.
चहा ओतत म्हणाले, पुस्तक? निळं? तीन होती.
पहिलं वाडीला पूर आला तेव्हा गेलं
(इथे वाडी म्हणजे कोरडी नदी,
आमच्याकडे वाडीत माणसं राहतात).
दुसरं ऑडिटवाल्यांनी नेलं.
तिसरं त्यांनी हनुवटीने दाखवलं:
ज्या टेबलावर मी तासभर कोपरं टेकून बसले होते
त्याच्या लंगड्या पायाखाली.
काखेत कळसा, म्हणणार होते,
पण हिंदीत ते कसं म्हणायचं सुचेना.

पान दोनशे बारा. छापील मजकूर तीन ओळी.
भार किलोत मिळेल. चुकल्यास उणे एक.
हेही पाहा: बेचाळीस.
बेचाळीसखाली: पाहा एक्केचाळीस.
आणि समासात पेन्सिल, मल्याळम,
मेथीदाण्यांसारखी गोल अक्षरं.
मोईदूक्कांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
‘बंद होऊन चालू झाल्यावर पहिलं उत्तर खोटं.
घेऊ नको. पुन्हा विचार.’
मग पानावर बोट तसंच ठेवून,
‘अक्षर कुंजाप्पूचं. दोन हजार तीनला गेला.’
गेला म्हणजे घरी का, मी विचारलं नाही.

आमच्या आचऱ्यात तिन्हीसांजेनंतर
अंगणातून नावाने हाक आली
तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत.
आत्या माझा दंड धरून ठेवायची:
माणूस असला तर पुन्हा हाक मारेल.
ज्याने ही सिस्टिम लिहिली
त्यालाही कुठे आत्या होती की काय, देव जाणे.

दोन ओळी वाढवल्या. पहिली हाक वाया घालवायची,
दुसरीचं ऐकायचं.
पडद्यावर अठ्ठावीस हजार तीनशे चाळीस.
ब्रेक सुटला. डबा ट्रेलरवर टेकला
तेव्हा डोंगरामागे फटफटत होतं नव्हतं.
सरवर खान लांब हॉर्न देऊन गेला,
आभार की राग, कळायला मार्ग नाही.

कुंजाप्पूच्या ओळीखाली मी माझं लिहिलं,
पेन्सिलीनेच, मराठीत:
खरं आहे. सात नंबर, ऑगस्ट.
मोईदूक्का वाकून बघत होते.
‘आणि हे वाचायला मी कुणाला शोधू?’

टेबलाच्या पायाखाली आता
नव्या क्रेनचं मॅन्युअल आहे, प्लास्टिकसकट.
जाडीला जरा कमी पडतं.
कप अर्धाच भरायचा.