समोरचं उजवीकडे

होलिस्टर गावात सहाव्या रस्त्याची कड
एका जागी मुडपली आहे,
चुकून इस्त्री फिरलेल्या शिवणीसारखी.
दर तीन महिन्यांनी मी तिथे तिपाई मांडते
आणि एक डोळा मिटून
डांबरात ठोकलेल्या सात खिळ्यांची हजेरी घेते.
कुत्रा फिरवणारे विचारतात, रस्ता रुंद होणार का?
नाही, म्हणते. जमीन चाललीय.
ते मान डोलावतात. कुत्रा खिळा हुंगतो.

वर्षाला काही मिलिमीटर.
नखं वाढतात त्याहून सावकाश, असं पुस्तकात लिहितात.
पण नखं कापता येतात.

शास्त्रात याला भ्रंश म्हणतात,
बुद्धिभ्रंशातला तोच.
इथे तो दोन परसांमधून जातो.
पलीकडे लोर्ना टिडवेल, शाळेची बस चालवून निवृत्त,
अलीकडे युसेबियो आझेवेदो,
ज्याच्या बोटांना अजून
जर्दाळू वाळवतानाच्या गंधकाचा वास येतो.
दोघांच्या मागे एकच विटांची भिंत,
एका गवंड्याने एका दोरीत उचललेली.
आता मधोमध तिने मान मुरडली आहे.

तो म्हणतो, तिची बाजू उजवीकडे सरकली.
ती म्हणते, सरकली ती त्याची, आणि तीही उजवीकडेच.
दोघांकडे फोटो आहेत. दोघांचे वकील आहेत.
मी मोजलं.
दोघंही खरं बोलतात.

माझे वडील मोजणीदार होते.
साखळी, चुन्याची फक्की,
दुपारी कुणाच्या तरी ओट्यावर ताक.
ते सांगत, बांध कुणी एका रात्रीत कोरत नाही.
दरसाल एक तास आत,
नांगर जरासा कलता, बैलालाही कळू नये इतका.
पुढे नातवंडं डोकी फोडतात त्या जमिनीसाठी
जी चोरीला जाताना कुणी पाहिलीच नाही.
इथे नांगर खालून चालतो.
बैल कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

मागच्या ऑक्टोबरात मी दोघांना म्हटलं, जागा बदला.
ती त्याच्या परसात आली, पर्स छातीशी धरून.
तो तिच्या लिंबाला वळसा घालून पलीकडे गेला.
भिंतीला गाल टेकवून दोघांनी एक डोळा मिटला,
अगदी माझ्यासारखा.
उजवीकडे, तिकडून तो ओरडला.
उजवीकडे, इकडून ती.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
गल्लीत कुणीतरी पानं उडवायचं मशीन चालवत होतं.
शेवटी लोर्ना म्हणाली,
तुझ्याकडून माझं स्वयंपाकघर किती लहान दिसतं.
युसेबियो म्हणाला, लिंबाला पाणी घाल, सुकलंय.

खटला त्यांनी मागे घेतला नाही.
वकील बदलले, एवढंच.

ही भेग सगळीकडे अशी सरकत नाही.
उत्तरेला तिचे काही तुकडे अडून बसलेत,
वर्षानुवर्षं एक मिलिमीटरही नाही.
खिळे जागच्या जागी, भिंती ओळंब्यात,
घरांच्या किमती चढ्या.
तिथे माझी वही कोरी राहते,
आणि तिथून परतताना
मी गाडी जरा जोरात चालवते.
होलिस्टरचं दार लागत नाही, फरशी उचकटते,
कुणी ना कुणी तक्रार करत असतं.
मला बरं वाटतं.

रात्री आकडे भरायला बसते.
सात खिळ्यांपुढे सात आकडे.
जिथे माझी तिपाई उभी होती
त्या जागेपुढे मात्र दर वेळी शून्य लिहायचं.
पद्धतच तशी आहे,
कुठेतरी पाय रोवल्याशिवाय मोजता येत नाही.
वडिलांच्या वह्यांतही तो रकाना सापडतो,
कॉपिंग पेन्सिलीने, दोनदा गिरवलेला:
स्वतःची जागा, शून्य.