कातीव

गुरुवारी दोनला केअर होममधली पाळी संपते
की अंगावरचा निळा डगला तसाच ठेवून
मी विल्फ थर्लबेकच्या शेडमध्ये जाते.
साउथ शील्ड्सचा वारा माझ्याआधी पोचलेला असतो,
भुसा कोपऱ्यात लोटून बसलेला.

विल्फनं चाळीस पौंडांना एक फळी घेतलीय,
मोडीत निघालेल्या 'कॉन्स्टन्स' जहाजाची.
तिच्यातून तो पेनं काढतो.
आधी बोटभर चौकोनी तुकडे,
मग मधोमध भोक, भोकात पितळी नळी,
मग लेथ.
"ओक आहे," तो सांगतो. विचारलं नाही तरी सांगतो.
प्रमाणपत्रावरही ओकच छापलंय.
बाकीचं मी भरते, कारण माझं अक्षर बरं आहे:
बांधणीचं साल, तोफा किती, कप्तान कोण कोण.
सुतारासाठी ओळ नाही.

या फळीची पहिली ढलपी उडाली
आणि मी एका कप्तानाचं आडनाव अर्ध्यात सोडलं.
तो वास.
जुन्या चामड्याचा, तेलकट, मागून जरा कडसर.
"विल्फ, हा साग आहे."
त्यानं चष्मा कपाळावर सारला. "तुला गं काय माहीत?"

काय सांगू.
सावंतवाडीला आमच्या पडवीत बाबा कातायचे
पाळण्यावरची पाखरं, पोळपाटांचे पाय,
लाकडाची केळी, जी पाहुण्यांची मुलं हमखास चावून बघत.
साग परवडायचा नाही;
कुणाच्या दाराचा तुकडा उरला तर एखादा भोवरा.
फिरत्या लाकडावर लाख दाबायची,
वर केवड्याचं पान धरायचं, की झळाळी.
पान मी आणायचे. काटे मला टोचायचे.
पटाशीला मात्र हात लावायचा नाही:
मुलीची जात, ओढणी अडकेल.
मी सात वर्षांची होते. फ्रॉकमध्ये.

विल्फला एवढंच म्हटलं, "नाकाला माहीत आहे."
त्यानं तुकडा हुंगला. पुन्हा हुंगला.
मग दोनशे छापील प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिला.
"खोड तर मग," म्हणाला. "एकूण एक."

कुठल्या रानातला साग, ते नाकाला कळत नाही.
मलबारचा असेल, ब्रह्मदेशचा असेल.
मी नुसतं ओक खोडत गेले.
सत्तेचाळीस झाली तेव्हा
त्यानं पटाशी माझ्यापुढे धरली, मूठ माझ्याकडे करून.
"नाकाचं कळलं. आता हाताचं बघू."

साग धार खातो.
कानशीवर ओरडावं तसा ओरडतो आधी,
मग एकदम गप्प होतो, लोकरीसारखा सुटत जातो,
आणि मला वाटलं, जमलं,
तेवढ्यात तुकडा फुटला.
एक कपची खिडकीवर, एक विल्फच्या चहात.
उरलं त्यात हिरवा डाग, तांब्याच्या खिळ्याचा.
कुणीतरी सरळ ठोकलेला, जराही न वाकवता.
खिळा कुठे गेला कोण जाणे.

विल्फ रागावला नाही. गुडघे टेकून बसला.
ऑपरेशननंतर त्याला जवळचं दिसत नाही,
त्यानं कपच्या बोटांनी चाचपून वेचल्या,
चहातलीसुद्धा.
फटीत भुसा भरला, वर गोंदाचा थेंब.
"हे काही विकता यायचं नाही," म्हणाला,
खुशीत असल्यासारखा.

तासाभरानं पेन माझ्या हातात होतं,
एका बाजूला थोडं फुगलेलं, हिरवा डाग अंगठ्याखाली.
खोडाखोडीचं एक प्रमाणपत्र उलटं करून
सवयीनं आधी श्री काढलं.
विल्फ कागद नाकाशी नेऊन म्हणाला,
"हे काय, नांगर?"
"तसंच काहीतरी."
शाई अडली. मी पेन झटकलं, डगल्यावर तीन ठिपके.
मग श्रीच्या खाली लिहिलं:
दूध. पाव. शेडसाठी बल्ब.
विल्फचे डोळ्यांचे थेंब, संपत आलेत.